मागचा आरसा

इंदापूर,
ता. ९ फेब्रुवारी १९५५

चि. चिंतामण यास अक्काचे आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल आहे असं पत्राच्या आरंभी लिहायचं असतं म्हणून लिहिते. ते कितपत खरं आहे हे पुढचं वाचून तुझं तूच ठरव. तुझी पोटदुखी थांबली का? जेवल्यावर लगेच आडवं होऊ नये हे मी तुला तू सात वर्षांचा असल्यापासून सांगते आहे, आणि तू आता सत्तेचाळीस वर्षांचा आहेस. चि. विनयाला सांग की तिच्या संक्रांतीच्या पत्रात 'आशीर्वाद' या शब्दातला 'शी' ऱ्हस्व पडला होता. मुलगी मॅट्रिकला बसणार आणि आशीर्वाद ऱ्हस्व मागणार, तर मिळतीलही तेवढेच. बाकी तिचं अक्षर सुधारलं आहे.

तू पाठवलेला मोटारीचा आरसा पोचला. त्याला आता सव्वा महिना होईल. आलेल्या वस्तूची पोच त्याच दिवशी द्यायची ही आपल्या घरची रीत. ती मी मोडली त्याचं कारण आळस नव्हे. दर आठवड्याला वाटे, या गुरुवारी आरसा नीट बसेल, मग सगळं एकदमच कळवीन. आरसा आतापर्यंत तीनदा बसवून झाला आहे. (दोनदा म्हस्कू मिस्त्रीनं बसवला, मधे एकदा वळूनं.) या क्षणी तो माझ्यासमोर यांच्या टेबलावर दौतीला टेकून उभा आहे आणि त्याच्यावर एक ओरखडाही नाही. आमच्याबद्दल तसं म्हणता येणार नाही.

आरसा कशासाठी हवा हे मी तेव्हा लिहिलं नव्हतं. 'सोयीसाठी' असं लिहिलं होतं. आता खरं लिहिते, आणि ते तू कोणाला, विशेषतः विनयाच्या आईला, वाचून दाखवायचं नाहीस. (दाखवशीलच. मग निदान तिनं तरी ते कोणाला सांगू नये.) यांना ऐकू कमी येऊ लागलं आहे. हे मला दिवाळीच्या सुमारास उमगलं, पण मी स्वतःशी कबूल केलं नाही, कारण एकदा कबूल केलं की काहीतरी करावं लागतं. मग डिसेंबरात एका दुपारी लासुर्ण्याच्या अलीकडे उसाची एक मालमोटार आमच्या मागे लागली. तिचा चालक शिंग वाजवू लागला. (शिंग म्हणजे तुम्ही ज्याला हॉर्न म्हणता ते. मराठीत धडधडीत शब्द असताना इंग्रजी का वापरावा? आमच्या घरात मी हा शब्द पंधरा वर्षांत इतका रुळवला आहे की आता हे, डॉक्टर असूनही, शिंगच म्हणतात. याचे परिणाम पुढे येतीलच.) तो चालक वाजवतो आहे, मी मागे वळून पाहते आहे, आणि हे रस्त्याच्या मधोमध, ताशी पंधरा मैलांनी, द्राक्षाच्या बागेबद्दल काहीतरी बोलत चालले आहेत. मी बाहीला धरून ओढलं तेव्हा मोटार बाजूला झाली, आणि ती मालमोटार इतकी घासून गेली की उसाच्या शेंड्याचं एक वाढं माझ्या चष्म्याला लागलं. आणि हे काय म्हणावेत? "काय माजलेत हे लोक! येताना साधं शिंगसुद्धा वाजवत नाहीत."

त्या रात्री मला झोप लागली नाही. हंगाम सुरू आहे. सणसरपासून बारामतीपर्यंत रस्ताभर उसाच्या गाड्या. हे रोज कुठे ना कुठे जातात, कधी कळंबला, कधी निमगावला, दर गुरुवारी बारामतीला. आणि रोज काही मी बाहीला धरायला शेजारी नसते. मोटार बंद करा म्हणून सांगणं म्हणजे दवाखाना बंद करा म्हणून सांगणं. 'तुम्हाला ऐकू येत नाही' असं तोंडावर म्हणायचा मी दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा त्यांना ते ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा माझाच धीर झाला नाही. मग मी विचार केला की कानांचं काम डोळ्यांवर सोपवावं. आमची मोटार चौतीस सालची. तिला पुढे काच आहे, वर कापडी टप आहे, टपाच्या मागच्या अंगाला पाटीएवढी खिडकीही आहे, पण मागून काय येतं ते चालवणाऱ्याला दाखवणारं काही नाही. (ज्या साहेबानं ती पहिल्यांदा वापरली त्याला तशी गरज वाटली नसावी. राज्य त्याचं होतं. मागून येणाऱ्यानं सांभाळून यायचं.) म्हणून तुला आरशाबद्दल लिहिलं.

यांना आरसा पटवणं सोपं नव्हतं. मी तीस वर्षं पुढे बघून मोटार चालवत आलो, मागे बघायची पाळी माझ्यावर आली नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मी सांगितलं की सरकारचा नवा नियम निघाला आहे. (असा नियम आहे की नाही मला ठाऊक नाही. बावीस वर्षं मुलींना खरं बोला म्हणून शिकवल्यावर मी हे बोलले, आणि ते मला सहज जमलं.) नियम म्हटल्यावर हे गप्प बसले. आम्ही गुरुवारी बारामतीला गेलो.

बारामतीत म्हस्कू मिस्त्री म्हणून एक मनुष्य आहे. मुळात तो इंजिनं आणि पाण्याचे पंप दुरुस्त करतो, पण आमच्या मोटारीवर त्याचा जीव आहे. त्याच्या हातात आलेली वस्तू पुन्हा सुटत नाही, असा त्याचा लौकिक आहे. (ही त्याची स्तुती होती असं मी समजत होते.) आम्ही गेलो तेव्हा तो माळेगावला पंप बसवायला गेला होता. यांना तिथल्या दवाखान्यात रोगी तपासायचे होते, मला खण घ्यायचे होते. म्हणून मी आरसा आणि एक चिठ्ठी त्याची बायको दगडाबाई हिच्या स्वाधीन केली आणि मोटार त्याच्या अंगणात ठेवून आम्ही कामाला गेलो. म्हस्कू चौथीपर्यंत शिकलेला आहे, त्याला स्वच्छ वाचता येतं. चिठ्ठीही स्वच्छ होती. तुझ्यासारखं 'रिअर व्ह्यू मिरर' असं मी लिहिलं नाही. मी लिहिलं: 'मागचा आरसा बसवावा. सरळ व घट्ट. कामात कसूर नको.'

संध्याकाळी चारच्या सुमारास परत येऊन पाहते, तर चालकाच्या काचेपाशी काही नाही. छताला नाही, दाराला नाही. मला वाटलं काम राहिलं. तेवढ्यात म्हस्कू हात पुसत आला, मला म्हणाला, "हितं काय बघताय बाई? मागं चला," आणि मला मोटारीच्या पाठीमागे घेऊन गेला. तिथे, जादा चाकाच्या शेजारी, पितळेच्या दोन पट्ट्यांवर, खाली रबर घालून, चार बोल्ट आवळून, तुझा आरसा बसवलेला होता. सरळ. घट्ट. तोंड मागे. मी त्यात स्वतःला पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर त्या वेळी जो भाव होता तो मी वर्गात कधी वापरला नाही.

मी बोलायला लागले. म्हस्कूनं शांतपणे खिशातून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. "वाचा की. तुमीच लिवलंय, मागचा आरसा. म्होरचा आसता तर म्होरं ठोकला आसता." मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. चिंतामण, तो मनुष्य बरोबर होता. मागचं दार मागे असतं, मागचं चाक मागे असतं, मग मागचा आरसाच तेवढा पुढे का असावा, या त्याच्या प्रश्नाला माझ्या बी. ए.त उत्तर नव्हतं. 'मागचं दाखवणारा' आणि 'मागे असणारा' या दोन्हींना आपण मागचाच म्हणतो हे मी इतकी वर्षं शिकवूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. "पण त्यात बघणार कोण?" मी विचारलं. "मागनं येणारा बघंल," म्हस्कू म्हणाला. "त्याला बी कळंल आपुन किती जवळ आलोय ते." (हे मला क्षणभर पटलंसुद्धा.) तो काढून पुढे बसव म्हटलं, तर पितळेच्या पट्ट्या नव्या पाडाव्या लागतील, आता पुढच्या गुरुवारी, असं ठरलं. आणि या सगळ्या वेळात हे आरशासमोर उभे राहून टोपी नीट करत होते. यांना आरसा फारच पसंत पडला. तो चालवताना कुठेही दिसत नव्हता.

निघताना रंगूबाई भेटली. ही सणसरची, वांगी विकायला बारामतीला येते. हिच्या तिन्ही सुनांची बाळंतपणं यांनी केली, त्यामुळे आमच्या मोटारीवर तिचा हक्क आहे. रिकामी पाटी आणि गोणपाट घेऊन ती मागच्या बाकावर बसली आणि आम्ही निघालो. गावाबाहेर पडल्यावर एक सायकलस्वार आमच्या मागे लागला. मला वाटलं पुढे जाईल. तो पुढे जाईना. आम्ही हळू झालो की तो हळू, आम्ही जोरात की तो जोरात. अडीच मैल तो गृहस्थ आमच्या पाठीवरच्या आरशात बघून पटका बांधत होता. त्यानंतर एका बैलगाडीतल्या बायका हसत हात करू लागल्या. हे प्रसन्न झाले, म्हणाले, "लोकांचं प्रेम आहे." मला दर दोन मिनिटांनी मागे वळून पाहावं लागत होतं, मालमोटार येते का म्हणून. मान एवढी अवघडली की आठवडाभर शेक घेत होते. म्हणजे आरसा बसवल्यानंतर मागे बघायचं माझं काम दुप्पट झालं.

सणसरला रंगूबाईला उतरवायला मोटार पाराजवळ थांबली. त्या पाराजवळ गावानं देवाला सोडलेला वळू उभा असतो. त्याला कोणी बांधत नाही, कोणी हाकत नाही, आणि पंचक्रोशीत त्याच्या तोडीचा दुसरा नाही, असं गावाचं मत आहे. त्याचंही तेच मत होतं. मोटार थांबली, तो सावकाश चालत मागे आला, आणि आरशात त्याला दुसरा दिसला.

मी वळून पाहिलं तेव्हा तो पायानं माती उकरत होता. मी ओरडले, "बैल! बैल!" (त्या क्षणी वळू हा अचूक शब्द सुचला नाही.) हे म्हणाले, "तेल? तेल सकाळीच घातलं." इतक्यात पहिली धडक बसली. हे म्हणाले, "अरेच्चा, क्लच धरत नाही." दुसरी धडक बसली. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "शिंगं! अहो, शिंगं!" चिंतामण, पंधरा वर्षं मी या मनुष्याला मराठी शिकवली त्याचं फळ मला तिथे मिळालं. "वाजवतो, वाजवतो, एवढं ओरडायला काय झालं?" असं म्हणून त्यांनी भोंग्याचा रबरी फुगा पाच-सहा वेळा दाबला. तो आवाज ऐकून आरशातला वळूच ओरडला असं त्या वळूला वाटलं असणार. तिसरी धडक अशी बसली की माझा अंबाडा सुटला.

मोटार वाचली ती रंगूबाईमुळे. ती खाली उडी मारून ओरडली, "आगं बया, ह्यो आपल्याच इरंला पेटलाय! बाईसाब, आरसा झाका आदी!" आणि मी हलायच्या आत तिनं आपलं गोणपाट आरशावर टाकलं. दुसरा वळू नाहीसा झाला. पहिला जरा वेळ इकडेतिकडे बघत राहिला, मग जिंकलेल्या माणसासारखा पाराकडे निघून गेला. मागचा पत्रा आत गेला होता, एक पितळी पट्टी वाकली होती, आरसा तसाच. हे उतरून मागे आले, पत्रा बघितला आणि म्हणाले, "क्लच म्हणावा तर हे मागे कसं?" रंगूबाईनं यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मग पाटी डोक्यावर घेताना हळूच म्हणाली, "कवापासनं न्हाय वो ऐकाय येत?" बाई अडाणी आहे, पण मला जे म्हणायला तीन महिने धीर झाला नाही ते तिनं पाटी उचलता उचलता विचारलं. मी म्हटलं, असं काही नाही, ते विचारात असतात. आणि तिला घराकडे पाठवलं. ती वाट चालू लागली तरी मागे वळून वळून पाहत होती.

पुढच्या गुरुवारी मी म्हस्कूच्या समोर स्टूल घेऊन बसले आणि काचेच्या वर, मधोमध, छताच्या कडेला आरसा बसवून घेतला. (या वेळी चिठ्ठी नाही. बोटानं दाखवलं.) आता मागचं सगळं स्वच्छ दिसू लागलं. तसंच मागचं बाकही दिसू लागलं. चार-पाच दिवस मी निश्चिंत होते. मग कळंबची छबूबाई दवाखान्याच्या मागच्या दारानं माझ्याकडे आली. हिला आणि हिच्या सासूला यांनी मोटारीतून आणलं होतं. दारातच उभी राहून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत ती म्हणाली, "बाई, राग मानू नगा, पर डाक्टर आरशातनं आमच्या तोंडाकडं बघत्यात. सासू बोलली की सासूकडं, मी बोलली की माज्याकडं. गप बसलं की न्हाय बघत."

मला संताप आला, मग लाज वाटली, आणि मग तिचं शेवटचं वाक्य मी पुन्हा मनात म्हटलं. गप्प बसलं की नाही बघत. बोललं की तोंडाकडे बघतात. मी तिला चहा पाजला, डॉक्टर सभ्य गृहस्थ आहेत, त्यांना दातांचा अभ्यास करायचा आहे, असं काहीतरी सांगितलं (आणखी एक खोटं), आणि दुसऱ्या दिवशी निमगावला जाताना पुढे न बसता मी मागच्या बाकावर जाऊन बसले. यांना नवल वाटलं. मी म्हटलं, पुढे ऊन लागतं.

कालव्याच्या कडेनं रस्ता जातो तिथे मी बोलायला सुरुवात केली. अगदी साध्या आवाजात. पानमळे बरे दिसताहेत, म्हटलं. "हो, यंदा रोग कमी आहे," हे म्हणाले. रामहरीला रजा हवी आहे, म्हटलं. (रामहरी म्हणजे आमचा जुना कंपाउंडर.) "देऊ की, मुलीचं लग्न आहे त्याच्या," हे म्हणाले. एका वर्षात आमचं इतकं सरळ बोलणं झालं नव्हतं. आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते. ते माझ्या ओठांवर होते. मग मी पदर तोंडाशी धरला आणि त्याच आवाजात म्हटलं, "आपण चारीत चाललो आहोत." काही उत्तर नाही. हे वाक्य मी परीक्षा म्हणून बोलले होते, चिंतामण, पण ते खरंही होतं. माझ्या ओठांकडे बघणाऱ्या मनुष्याचं रस्त्याकडे लक्ष कसं असणार? पुढचं डावं चाक शेताला पाणी नेणाऱ्या त्या चारीत उतरलं, मोटार कलली, आणि मी पदर तोंडाशी धरलेला असतानाच गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरले. हे म्हणाले, "अगं, सांगायचं नाही का?"

शेतकऱ्यांनी बैल लावून मोटार काढली. (बैल शांत होते. आरसा मी आधीच रुमालानं झाकला होता.) घरी आल्यावर मी स्क्रू पिळायचं हत्यार मागवलं, खुर्चीवर उभी राहिले आणि आरसा स्वतःच्या हातानं काढला. म्हस्कूच्या हातून आवळलेली वस्तू सुटत नाही हे खोटं आहे. सुटते, फक्त दीड तास लागतो आणि दोन नखं जातात. तेव्हापासून मोटार बंद आहे. यांना मी सांगितलं की क्लच खराब आहे. ते यांना लगेच पटलं. हे टांग्यानं जातात. टांगेवाला दोन कानांनी ऐकतो.

तर आरशाची हकीकत अशी आहे. तुझ्या मनाला लागू नये म्हणून लिहिते की आरसा उत्तम आहे, दोष आरशाचा नाही. माझी काळजी करू नये. मी काळजी करणाऱ्यातली नाही हे तुला ठाऊक आहे. मला तुझ्याकडून काही नको. प्रकृतीला जपावं, रात्री दही खाऊ नये.

तुझी
अक्का (मंदाकिनी)

ता. क. जमलं तर चालकाच्या उजव्या हाताला बाहेरून लावता येईल असा एखादा लहान आरसा पाहून ठेव. त्यात मागचा रस्ता दिसावा, मागच्या बाकावरची माणसं दिसू नयेत. घाई नाही.

ता. क. २. घाई आहे. आरशाची नाही. वर 'काही नको' असं लिहिलं ते खोडणार होते, पण खाडाखोड केलेलं पत्र मला आवडत नाही. परवा कळंबच्या एका म्हाताऱ्याच्या छातीला नळी लावून हे बराच वेळ डोळे मिटून बसले होते. मग नळी रामहरीच्या हातात दिली, म्हणाले, "तू बघ रे जरा, मला आज सर्दी आहे." सर्दी नव्हती. रामहरीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी दुसरीकडे पाहिलं. मोटारीच्या मागे काय येतं ते आरसा दाखवील; छातीत काय वाजतं ते कोणता आरसा दाखवणार? उद्या एखाद्या पोराच्या छातीतला आवाज यांना कळला नाही आणि काही विपरीत झालं, तर यांना कोण सावरणार? मी यांना रोगी दगावल्यावर तीन तीन दिवस न जेवलेलं पाहिलं आहे. तुझ्या बिऱ्हाडाच्या वर कान-नाक-घशाचे डॉक्टर राहतात ना? त्यांच्याकडे यांना न्यायचं आहे, आणि कानासाठी म्हटलं तर हे येणार नाहीत. काहीतरी निमित्त काढ. तुला आजारी पडायला सांगते आहे असं समज. पोटदुखी आहेच. पण लवकर.

ता. क. ३. निमित्त काढू नकोस. वरचा मजकूर टिपायला म्हणून मी यांचा टीपकागद उचलला. त्यावर यांच्या ताज्या शाईच्या उलट्या ओळी उमटल्या होत्या, आणि आरसा समोर दौतीला टेकून उभाच होता. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मी तुला लहानपणी चिमटा काढून शिकवलं आहे. मी पत्र वाचलं नाही, आरशात पाहिलं. सगळं उमटलं नव्हतं. उमटलं ते असं: '…चिंतामणराव, मंदाकिनीचा आवाज वर्षभरात फार बारीक झाला आहे. ओठ हलतात पण शब्द फुटत नाहीत. घशात काही वाढत असेल अशी भीती वाटते. मी डॉक्टर असून तिचा घसा पाहायला माझा हात धजत नाही. आपल्या वरच्या डॉक्टरांची वेळ घ्यावी. तिला कळू देऊ नये, फार काळजी करते.'

पत्र सकाळच्या टपालानं गेलं असणार. माझं हाती पडेल तेव्हा त्यांचंही तुझ्याकडे आलेलं असेल. सव्वीस वर्षांच्या संसारात माझा आवाज कमी पडतो अशी तक्रार या घरातून पहिल्यांदाच गेली आहे, ती जपून ठेव. मी बराच वेळ तो कागद आरशासमोर धरून बसले होते. शाई टिपायची ती टिपली गेली नाही, म्हणून वरच्या चार ओळी पसरल्या आहेत. त्याला दुसरं काही कारण नाही.

तेव्हा आता असं कर. त्यांना उलट टपाली लिही की वेळ घेतली, मंदाकिनीला घेऊन यावं. मला काही लिहू नकोस. मला काही ठाऊक नाही. तुझ्या वरच्या डॉक्टरांना मात्र भेटून सांग की बाईचा घसा ठणठणीत आहे, तिला घेऊन येणाऱ्या गृहस्थांचे कान तपासावेत, आणि रोग्याबरोबर आलेल्याचे कान बघायची त्यांच्याकडे पद्धतच आहे असं त्यांनी म्हणावं. यांना नियम म्हटलं की पटतं. आम्ही एस.टी.नं येऊ.

तोवर मी मुद्दाम बारीक आवाजात बोलते आहे. मघापासून रामहरीनं मला दोनदा विचारलं, बाई, ताप आहे का?